मायक्रोवेव्ह घेण्याआधी ओटा मोजा: निवड, मांडणी आणि रोजचा वापर

भात कडेला कडक आणि मध्ये गार. पोळी चामड्यासारखी. केक लावला की एमसीबी पडतो. नवी कोरी थाळी कुरकुरते. मायक्रोवेव्हबद्दल घरोघर ऐकू येणाऱ्या या तक्रारींत यंत्राचा दोष फार थोडा असतो. काही चुका दुकानात जाण्याआधीच झालेल्या असतात, बाकीच्या पहिल्या आठवड्यात होतात आणि मग सवयीच्या होऊन बसतात. म्हणून इथला क्रम तसाच ठेवा: आधी जागा आणि वीज, मग प्रकार, मग दुकान, आणि ओव्हन घरी आला की पहिल्यांदा पाण्याची चाचणी. वेळा सगळ्या ८०० वॅटच्या ओव्हनसाठी दिल्या आहेत. आपला किती वॅटचा हे पाचव्या टप्प्यात कळेल.

१. जागा आणि दार

टेप घेऊन ओट्यापाशी उभे राहा. आपल्याकडचा ओटा साधारण दोन फूट, म्हणजे ६० सेंमी खोल असतो. २० लिटरचा साधा ओव्हन साधारण ४५ सेंमी रुंद आणि ३५ सेंमी खोल असतो, तो कुठेही मावतो. २८ लिटरचा कन्व्हेक्शन, म्हणजे केक भाजता येणारा ओव्हन मात्र ५० सेंमीच्या आसपास खोल असतो. मागे १० सेंमी मोकळी जागा हवीच, म्हणजे ओटा तिथेच संपला. दार उघडून गरम भांडं टेकवायला पुढे जागाच उरत नाही. शिवाय छापील मापात दाराचं हँडल धरलेलंच असेल असं नाही, ते वेगळं विचारा.

मोकळी जागा किती? माहितीपुस्तिकेत आकडा दिलेला असतो, तो अंतिम. अंदाजासाठी मागे १० सेंमी, दोन्ही बाजूंना ५ ते १० सेंमी आणि वर २० ते ३० सेंमी धरा. ही जागा शोभेची नाही, तिथून आतली गरम हवा बाहेर पडते. ओव्हनवर नॅपकिनची चळत, पोळ्यांचा डबा किंवा विणलेलं कव्हर ठेवलं आणि जाळी बुजली, की ओव्हन तापून मध्येच बंद पडायला लागतो.

जवळपास सगळ्या ओव्हनचं दार डावीकडच्या बिजागरीवर उघडतं. त्यामुळे ओव्हनच्या डाव्या अंगाला भिंत चिकटून असेल तर दार पुरतं उघडत नाही, आणि उजवीकडे भांडं ठेवायला हातभर ओटा नसेल तर उकळती आमटी हातात धरून वळावं लागतं.

कुठे ठेवू नये तेही सांगतो. फ्रिजवर नको: फ्रिजची उष्णता खालून येते आणि गरम वाटी डोक्याच्या उंचीवरून उतरवावी लागते. शेगडीला लागून नको: फोडणीचा तेलकट धूर जाळीतून आत जाऊन बसतो. ट्रॉलीच्या बंद कप्प्यात तर नकोच. भिंतीवर फळी ठोकणार असाल तर वजन लक्षात घ्या. साधा ओव्हन १० ते ११ किलोचा, कन्व्हेक्शन १६ ते १९ किलोचा, वर आतल्या भांड्याचा भार वेगळा.

तपासून पाहा: वर्तमानपत्रावर ओव्हनची रुंदी आणि खोली आखून कापा आणि तो कागद दोन दिवस ओट्यावर पसरून ठेवा. पोळ्या लाटायला, भाजी चिरायला जागा उरते का, ते दुसऱ्याच दिवशी कळतं.

२. पॉइंट आणि वायर

बॉक्सवर ठळक लिहिलेले ८०० वॅट म्हणजे अन्नाला मिळणारी ऊर्जा. भिंतीतून ओव्हन ओढतो ती याहून बरीच जास्त. साधा २० लिटरचा ओव्हन साधारण १२०० वॅट ओढतो, म्हणजे २३० व्होल्टवर सव्वापाच ॲम्पिअर. कन्व्हेक्शन चालू केलं की हाच आकडा २२०० वॅट किंवा त्याहून वर जातो, म्हणजे साडेनऊ ॲम्पिअर. मिक्सरसाठी ओट्यावर दिलेला छोटा पॉइंट ६ ॲम्पिअरचा असतो. त्यावर कन्व्हेक्शन चालवायचा नाही.

आणि इथेच नेहमीची चूक होते. ओव्हनचा जाडा तीन पिनांचा प्लग छोट्या पॉइंटमध्ये बसत नाही, म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून कन्व्हर्टर आणला जातो. प्लग बसतो, ओव्हन चालतो, सगळे खूश. पण भिंतीतली वायर मिक्सरच्याच बेताची राहते. महिना-दोन महिन्यांनी सॉकेट पिवळं पडतं, प्लॅस्टिक जळाल्याचा वास येतो. एक्स्टेंशन बोर्डाचीही तीच गत.

ओव्हन घेण्याआधी वायरमनला बोलावून १६ ॲम्पिअरचा स्वतंत्र पॉइंट काढून घ्या. तांब्याची वायर २.५ चौरस मिमीपेक्षा बारीक नको, आणि अर्थिंग आहे ना ते टेस्टरच्या भरवशावर न सोडता मीटरने तपासायला सांगा. जुन्या चाळीत किंवा तीस-चाळीस वर्षांच्या इमारतीत अर्थिंगची तिसरी वायर सॉकेटपर्यंत आलेलीच नसते, असं पुष्कळदा आढळतं.

गीझर त्याच लाइनवर आहे का, तेही विचारा. २००० वॅटचा गीझर आणि २२०० वॅटचा कन्व्हेक्शन मिळून १८ ॲम्पिअर होतात. १६ ॲम्पिअरचा एमसीबी पडू शकतो, आणि तो पडला तर तेच बरं. तो काढून मोठा बसवू नका. वायर तीच राहिली तर पुढच्या वेळी वायर तापेल.

जाता जाता: दुकानात दिसणारा 'इन्व्हर्टर मायक्रोवेव्ह' म्हणजे लाइट गेल्यावर घरच्या इन्व्हर्टरवर चालणारा ओव्हन नव्हे. घरच्या बॅटरीच्या इन्व्हर्टरला हा भार झेपत नाही. त्या नावाचा खरा अर्थ सातव्या टप्प्यात येईल.

३. प्रकार ठरवा

साधा म्हणजे सोलो ओव्हन फक्त मायक्रोवेव्हने तापवतो. ग्रिलमध्ये वर तापणारी कांडी जास्तीची असते. कन्व्हेक्शनमध्ये हीटर आणि पंखा असतो, त्यामुळे केक, नानकटाई, भाजलेले पदार्थ होतात.

स्वतःला एकच प्रश्न विचारा: गेल्या वर्षभरात घरी भट्टीत भाजायचं काही किती वेळा केलं, किंवा शेजारच्या ओव्हनमध्ये करून आणलं? उत्तर 'दोनदा' असेल तर सोलो घ्या. उरलंसुरलं गरम करणं, दूध, बटाटे, पापड, दाणे यासाठी कन्व्हेक्शनचा काडीचाही जास्त उपयोग नाही, आणि ओटा मात्र दीडपट अडतो. आमच्या मते ग्रिलचा मधला पर्याय सगळ्यात कमी वापरला जातो. टोस्ट आणि पनीर टिक्क्यापलीकडे त्याचं काम नाही, आणि तेही तव्यावर लवकर होतं.

एकट्या-दुकट्याला २० लिटर पुरे. चार जणांच्या घराला २३ ते २५ लिटर. कन्व्हेक्शन घ्यायचाच तर २८ लिटरच्या खाली जाऊ नका, कारण लहान पोकळीत केकचा डबा भिंतीला फार जवळ येतो आणि कडा करपतात.

४. दुकानात

टेप आणि घरातलं रोज वापरायचं काचेचं भांडं बरोबर न्या. लाजू नका. लिटरचा आकडा पोकळीचा असतो, वापरात येतं ते फिरणाऱ्या थाळीचं माप. २० लिटरच्या ओव्हनची थाळी बहुतेकदा २४.५ सेंमीची असते. गोल वाडगा बसतो, पण चौकोनी भांड्याचा कर्ण मोजावा लागतो. २० सेंमी बाजूचं चौकोनी भांडं फिरताना २८ सेंमी जागा मागतं, कोपरा भिंतीला अडतो आणि थाळी जागच्या जागी कुरकुरत राहते. भांडं आत ठेवून हाताने थाळी पूर्ण फिरवून बघा.

मग एवढं तपासा:

– पॉवर लेव्हल बदलायला किती बटणं दाबावी लागतात? रोज लागणारी गोष्ट हीच आहे. शंभर-दीडशे 'ऑटो मेनू' दोन आठवड्यांत विसरले जातात.
– घरात कमी दिसणारं कोणी असेल तर दोन गोल खुंट्यांचा साधा ओव्हन बरा. टचच्या गुळगुळीत पट्टीवर ओल्या बोटांनी बटण लागत नाही.
– दार हळू लावून बघा. शेवटच्या सेंटिमीटरला ढकलावं लागत असेल तर दुसरा दाखवायला सांगा.
– मागच्या पट्टीवर बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचं, नोंदणीचिन्ह आणि 'आर'ने सुरू होणारा क्रमांक असतो. तो 'बीआयएस केअर' ॲपवर टाकून बघता येतो.
– वॉरंटीत मॅग्नेट्रॉनची, म्हणजे लहरी तयार करणाऱ्या भागाची, मुदत वेगळी आणि जास्त लिहिलेली असते. थाळी, बल्ब आणि अभ्रकाची पट्टी (ती कोणती ते पुढच्या टप्प्यात) वॉरंटीत सहसा धरत नाहीत. नुसत्या थाळीची किंमत आत्ताच विचारून ठेवा.

५. पहिला तास: पाण्याची चाचणी

खोक्यातून काढल्यावर दाराच्या कडा, बिजागरी आणि आतला रंग नीट पाहा. पोचा किंवा ओरखडा असेल तर ओव्हन चालू न करता लगेच कळवा. आतून थर्मोकोल, चिकटपट्ट्या, पिशवीतली पुस्तिका सगळं काढा. पण आत उजव्या भिंतीवरची, पुठ्ठ्यासारखी दिसणारी करड्या-तपकिरी रंगाची पट्टी काढायची नाही. पॅकिंग समजून ती ओढून काढणारे दर दिवाळीत भेटतात. ती अभ्रकाची असते आणि जिथून लहरी आत येतात ते तोंड झाकते.

रिंग बसवा, मधल्या खुंटीवर थाळीची खाच बरोबर बसवा. कन्व्हेक्शन असेल तर खिडक्या उघडून २०० अंशांवर १५ मिनिटं रिकामा चालवा. नव्या हीटरवरच्या तेलाचा वास आणि थोडा धूर येतो, तो पहिल्याच वेळी निघून जातो. रिकामा चालवायचा तो फक्त कन्व्हेक्शनवर. मायक्रोवेव्हवर रिकामा कधीच चालवू नका.

आता चाचणी. काचेच्या भांड्यात मोजून १ लिटर नळाचं पाणी घ्या. तापमान लिहून ठेवा. पूर्ण पॉवरवर बरोबर ६० सेकंद चालवा, बाहेर काढून चमच्याने ढवळा आणि लगेच पुन्हा मोजा. जेवढे अंश वाढले त्याला ७० ने गुणा. पाणी २७ अंशांवरून ३८ वर गेलं तर ११ गुणिले ७० म्हणजे ७७० वॅट. थर्मामीटर स्वयंपाकाचा हवा, तापाचा ४२ अंशांनंतर वाचत नाही.

बॉक्सवरच्या आकड्यापेक्षा थोडं कमी येणं नेहमीचं आहे. ८०० च्या जागी ६०० च्या खाली आलं तर दुपारी पुन्हा करून बघा. संध्याकाळी व्होल्टेज पडणाऱ्या गावात ओव्हनचा जोरही पडतो. दुपारीही तेच आलं तर वॉरंटीत तक्रार नोंदवा.

हा आकडा दाराच्या कोपऱ्यावर चिटोरं लावून लिहून ठेवा. कृतीत ९०० वॅटवर ४ मिनिटं सांगितली असतील आणि तुमचा ओव्हन ७०० चा असेल, तर ४ गुणिले ९०० भागिले ७००, म्हणजे ५ मिनिटांच्या जरा वर.

६. कोणतं भांडं आत जातं

बोरोसिलिकेट काच, कडेला सोनेरी-चंदेरी रेघ नसलेलं चिनी मातीचं भांडं, आणि तळाशी त्रिकोणात ५ आकडा असून 'मायक्रोवेव्ह सेफ' असं स्पष्ट लिहिलेलं प्लॅस्टिक. बस.

स्टीलच्या डब्याबद्दल घोळ असतो. 'आम्ही ठेवला, काही झालं नाही' असं लोक सांगतात आणि ते खोटं नसतं, गुळगुळीत स्टीलवर दर वेळी ठिणगी उडत नाही. पण स्टील लहरी परतवतं. डब्यातलं अन्न फक्त वरच्या तोंडाने, तेही रडतखडत तापतं, डबा भिंतीला टेकला तर ठिणगी उडून आतला रंग उडतो, आणि परत फिरलेली ऊर्जा ओव्हनलाच तापवते. वाटीत विसरलेला चमचा, फॉइलचा तुकडा, काचेच्या बरणीची पत्र्याची कडी यांनाही तोच नियम.

मेलामाइनच्या ताटल्या, आइस्क्रीमचे रिकामे डबे, हॉटेलातून पार्सल आलेले पातळ डबे आणि वर्तमानपत्र यांपैकी काहीही आत नको. झिलई नसलेलं मातीचं भांडं पाणी शोषून बसतं आणि अन्नाआधी स्वतःच तापतं.

तपासून पाहा: भांड्याबद्दल शंका असेल तर ते रिकामं आत ठेवा, शेजारी पाण्याने भरलेला काचेचा पेला ठेवा आणि एक मिनिट चालवा. पाणी गरम, भांडं गार: चालेल. भांडं तापलं: बाद. धातूची कड असलेल्या भांड्यावर हा प्रयोग करू नका.

७. उरलेलं गरम करणं

नव्वद टक्के घरांत ओव्हन याचसाठी असतो असं म्हटलं तरी चालेल, आणि सगळ्यात जास्त वाट इथेच लागते. कारण एकच: सगळं पूर्ण पॉवरवर.

लहरी अन्नात बाहेरून दोन-तीन सेंटिमीटरच शिरतात. त्यापुढचं अन्न बाहेरच्या उष्णतेने हळूहळू तापतं. पूर्ण जोर लावला की कडा वाळतात आणि मधला भाग तसाच राहतो. पॉवर ६० टक्के करून वेळ दीडपट दिला की मधल्याला सवड मिळते. साध्या ओव्हनमध्ये ६० टक्के म्हणजे कमी जोर नव्हे, तर पूर्ण जोर चालू-बंद, चालू-बंद. कान देऊन ऐका: मोठी घुरघुर काही सेकंद येते, मग नुसत्या पंख्याचा आवाज, मग पुन्हा घुरघुर. इन्व्हर्टर ओव्हनमध्ये जोर खरोखरच कमी होतो आणि घुरघुर एकसारखी राहते. त्याचा फायदा दूध, खीर, बर्फातलं मासे-मटण अशा नाजूक कामात जाणवतो. नुसतं वरण तापवायला त्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

मांडणीही महत्त्वाची. थाळीच्या बरोबर मध्यावर ठेवलेली वाटी जागच्या जागी गरगरते. ती कडेला सरकवा, म्हणजे ती वेगवेगळ्या भागांतून फिरेल. ताटलीत भात डोंगरासारखा न रचता मध्ये खळगा करून कडेने पसरा.

भात: एका माणसाचा, साधारण २०० ग्रॅम. गुठळ्या मोडा, एक मोठा चमचा पाणी शिंपडा, झाकण तिरकं ठेवा. ८० टक्क्यांवर दीड मिनिट, मग एक मिनिट तसाच झाकून. भात रात्रभर ओट्यावर राहिला असेल तर गरम करूनही तो खाण्याजोगा होत नाही. शिजल्यावर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलेलाच भात पुन्हा तापवा, आणि आतपर्यंत वाफाळेल एवढा.

वरण, आमटी: भांडं अर्धंच भरा. ७० टक्क्यांवर एक मिनिट, ढवळा, पुन्हा एक मिनिट. घट्ट वरण न ढवळता तापवलं तर तळात वाफ कोंडते आणि चमचा घालताच फटकन उडते.

पोळी: ओलसर पिळलेल्या सुती फडक्यात गुंडाळून एका पोळीला १५ सेकंद, चार पोळ्यांना ३५ ते ४०. गरम लागत नाही म्हणून आणखी वीस सेकंद दिले की पाणी उडतं आणि पोळी ताटात पोहोचेपर्यंत वातड होते. ज्वारीच्या भाकरीला पाण्याचा हात लावून तेवढाच वेळ.

उकडीचे मोदक, पुरणपोळी: इथे जपून. पारी कोमट लागते आणि आतलं गुळाचं सारण जीभ भाजेल इतकं तापलेलं असतं. चार मोदकांवर पाणी शिंपडून ओलं फडकं टाका, ६० टक्क्यांवर ४५ सेकंद, मग दीड मिनिट थांबा. मुलांना देताना मोडून द्या.

बटाटावडा, समोसा, भजी: मायक्रोवेव्हवर नको. आतली वाफ आवरणात मुरते आणि ते लिबलिबीत होतं. कन्व्हेक्शनवर १८० अंश, ८ ते १० मिनिटं, नाहीतर सरळ तवा.

सावधान: दोन वाट्यांना एका वाटीचा वेळ पुरत नाही आणि दुप्पटही लागत नाही. एकीला दोन मिनिटं लागत असतील तर दोघींना साडेतीनपासून सुरुवात करा.

पाणी आणि काळा चहा यांचा धोका वेगळा. गुळगुळीत कपात पाणी शंभर अंशांपुढे जाऊनही बुडबुडा न काढता शांत दिसतं, आणि साखर किंवा टी-बॅग पडताच एकदम उसळतं. कपात लाकडी चमचा किंवा काडी ठेवूनच तापवा आणि बाहेर काढण्याआधी अर्धा मिनिट थांबा. बाळाची दुधाची बाटली इथे तापवू नका. बाटली कोमट लागते आणि आत एखादा पट्टा उकळता असतो.

८. शिजवणं, भाजणं, बर्फ सोडवणं

अंडं कवचासकट नाही. उकडलेलं, सोललेलं अंडंही पुन्हा तापवताना तोंडाशी फुटतं, ते कापूनच ठेवा. बटाट्याला काट्याने सात-आठ भोकं पाडा. मध्यम आकाराचे दोन बटाटे, ६ मिनिटं, अर्ध्यात उलटून, मग ५ मिनिटं झाकून. न टोचलेला बटाटा फुटला की जाळीपर्यंत पिठूळ राडा होतो.

भात शिजतो, पण वेळ वाचत नाही हे आधीच सांगून ठेवतो. एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी, वीस मिनिटं भिजवून. जुन्या तांदळाला पाव ते अर्धी वाटी पाणी जास्त. भांडं अडीच लिटरचं, नाहीतर उतू जातं. पूर्ण पॉवरवर ७-८ मिनिटं, वर भोकं दिसायला लागली की झाकून ५० टक्क्यांवर ६ मिनिटं, मग ५ मिनिटं विश्रांती.

शेंगदाणे मात्र छान होतात. एक वाटी, साधारण १५० ग्रॅम, काचेच्या पसरट भांड्यात. पूर्ण पॉवरवर एक-एक मिनिट, दर वेळी ढवळून, तीन मिनिटांपर्यंत. त्यानंतर वीस-वीस सेकंदच. दाणे आतून तांबूस होतात, बाहेरून कळत नाही, म्हणून दर वेळी एक फोडून बघा. किंचित कमी भाजलेले असतानाच काढा, बाहेर निवताना ते आणखी भाजले जातात आणि मगच कुरकुरीत होतात. सुक्या खोबऱ्याचा कीस याहून फार लवकर जळतो, त्याला तीस सेकंदांच्या वर सलग देऊ नका. ओव्हनसमोरून हलू नका.

उडदाचा पापड: थाळीच्या कडेला एक, ३५ ते ४० सेकंद. मध्ये कच्चा पट्टा राहिला तर फिरवून आणखी दहा. पंगतीसाठी दहा-बारा पापड एकामागून एक भाजायचे असतील तर मध्ये मध्ये दोन मिनिटं थांबा. पापडात शोषायला पाणीच जवळपास नसतं, त्यामुळे थाळी आणि ओव्हन तापत जातात.

फोडणी इथे करू नका. तेल नीट तापत नाही, मोहरी तडतडत नाही, आणि तडतडलीच तर भिंतीवर. कढलं गॅसवर ठेवा. तळणं तर अजिबात नाही.

गोठलेली सुरमई किंवा खिमा: पिशवीतून काढून, अर्धा किलोला ३० टक्क्यांवर ८ मिनिटं, दर दोन मिनिटांनी उलटून. बर्फ लहरी फारशा शोषत नाही, वितळलेलं पाणी भराभर शोषतं. म्हणून जिथे आधी वितळलं तिथे मासा शिजायला लागतो आणि मधला गोळा दगडासारखाच राहतो. मध्यभागी थोडा बर्फ असतानाच थांबवा, दहा मिनिटं बाहेर ठेवा आणि लगेच शिजवा.

९. कन्व्हेक्शनवर केक

आधी रिकामा १८० अंशांवर तापवून घ्या, तापल्याची शिटी वाजल्यावरच डबा आत. ॲल्युमिनियमचा डबा शुद्ध कन्व्हेक्शनवर चालतो, 'कॉम्बी'वर नाही. कारण कॉम्बीत मायक्रोवेव्हही चालू असतो, आणि बटण चुकून तेच दाबलं जातं. चालू करण्याआधी पडद्यावरचं चिन्ह वाचा. डबा ठेंगण्या स्टँडवर, भिंतीपासून किमान अडीच सेंमी दूर. सहा-सात इंची केकला ३० ते ३५ मिनिटं लागतात, पहिली वीस मिनिटं दार उघडू नका. पंख्यामुळे वरचा भाग लवकर लाल होतो, म्हणून साध्या ओटीजीची, म्हणजे पंखा नसलेल्या विजेच्या भट्टीची, कृती असेल तर तापमान १५-२० अंशांनी कमी करा. झाल्यावर पंखा थांबेपर्यंत मुख्य बटण बंद करू नका. लोखंडी जाळीचा स्टँड काढून ठेवायला विसरू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी घाईत त्याच्यावरच दूध तापवलं जातं.

१०. साफसफाई, झुरळं, पावसाळा

रोज: ओल्या फडक्याने आतून एक हात, मग कोरडा. आठवड्यातून एकदा: काचेच्या वाडग्यात एक कप पाणी आणि अर्ध्या लिंबाच्या फोडी, ४ मिनिटं पूर्ण पॉवर, ५ मिनिटं दार बंद. मग पुसा. तारेची घासणी आत कधीच नाही, ओरखड्याला गंज चढतो आणि गंजावर ठिणगी उडते. थाळी गरम असताना सिंकमध्ये टाकू नका. रिंगची चाकं धुवा, 'थाळी कुरकुरते' याचं कारण बहुतेकदा तिथे अडकलेला भाताचा दाणा असतो.

अभ्रकाच्या पट्टीवर तूप-तेलाचे शिंतोडे बसले की ते जळून काळे होतात, आणि त्या काळ्या डागावर ठिणग्या सुरू होतात. पट्टी हलक्या हाताने पुसा. भोक पडलं असेल तर ओव्हन बंद ठेवा. अभ्रकाचा नवा पत्रा सुट्ट्या भागांच्या दुकानात मिळतो, मापाने कापून बसवता येतो आणि महागही नसतो.

झुरळांना मागची ऊब आवडते. जाळीतून आत शिरून ती घड्याळाच्या पट्टीमागे जाऊन बसतात, आणि मग बटणं आपोआप लागल्यासारखी वागतात. जाळीत फवारा मारू नका. ओव्हनखालचा ओटा रोज पुसा, मागे जेलचे ठिपके लावा आणि रात्री ओव्हनमध्ये खरकटं राहू देऊ नका. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्याचे चार महिने वापर झाल्यावर दार दहा मिनिटं किलकिलं ठेवा. थाळीखाली साचलेलं पाणी न पुसल्यामुळेच तळ गंजतो.

११. बिघाड वाटला तर

बटणं लागत नाहीत: चाइल्ड लॉक आहे का बघा, बहुतेक ओव्हनमध्ये ठरावीक बटण तीन सेकंद दाबलं की तो निघतो. दिवा लागतो, थाळी फिरते, पण पाणी गार: नवा ओव्हन असेल तर दुकानातला 'डेमो' मोड तसाच राहिलेला असू शकतो, जुना असेल तर मेकॅनिक. दाराच्या कडेला पाण्याचे थेंब: नुसती वाफ आहे, पुसा. ठिणग्या: लगेच बंद, मग धातू, अभ्रक, उडालेला रंग या क्रमाने शोधा. आत काही पेटलं तर दार उघडायचं नाही, बटण बंद करून प्लग काढायचा. हवा मिळाली नाही की ते विझतं.

दार तिरकं झालं, काच तडकली, कडेला जळल्याचा डाग पडला, तर वापर थांबवा. शाबूत दारातून पाच सेंमी अंतरावर दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॅटपेक्षा जास्त गळती होता कामा नये, असं मानक आहे. आत मोबाइल ठेवून रिंग वाजते का बघण्याची मोबाइलवर फिरणारी युक्ती याचं काहीच मोजमाप नाही. फोन अतिशय क्षीण लहरीही पकडतो, म्हणून धडधाकट ओव्हनमध्येही तो वाजतो.

मागचे स्क्रू स्वतः काढू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये दोन हजार व्होल्टच्या आसपासचा भार असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो. टीव्ही-मिक्सर दुरुस्त करणारा ओळखीचा असला तरी मायक्रोवेव्ह उघडला आहेस का, हे त्याला आधी विचारा.

सर्व्हिसला फोन केला की पहिला प्रश्न मॉडेल आणि सीरियल नंबरचा येतो, आणि ती पट्टी बहुधा ओव्हनच्या पाठीवर असते. तिचा आणि बिलाचा फोटो पहिल्याच दिवशी, ओव्हन भिंतीकडे सरकवण्याआधी काढून ठेवा. १८ किलोचा ओव्हन एका हातात फोन धरून फिरवता येत नाही.